बाबांच्या बोटावरचा वण

आज सकाळी चार वर्षांच्या नातीचे दात घासून देत होतो, तर तिनं माझं बोट कचकन चावलं. रक्त आलं, आणि साठ वर्षांपूर्वीच्या लाल दंतमंजनाचा वास थेट नाकात शिरला.

राजूरच्या आमच्या अंगणात बाबा माझं मुंडकं काखेत दाबून खसाखसा दात घासत. त्या दिवशी हिरड्यांतून रक्ताचे पाट वाहिले. "मले माझ्या हातानं घासू द्या!" मी बोकडासारखा ओरडलो. ते ऐकेनात, तेव्हा त्यांचं बोट असं चावलं की त्यांची आरोळी गावच्या कोळशाच्या खाणीत तळापर्यंत गेली.

आई धावली. "काहून मारून राह्यले पोराले?"

"मी कुठं मारून राह्यलो? हेच मले खाऊन राह्यलं!"

शेवटी मंजन माझ्या हाती आलं. बोट आधी नाकात गेलं, मग डोळ्यात, आणि आंधळा झालो म्हणून मी लोळलो. बाबांनी मागून, त्याच रक्ताळल्या हातानं, माझं मनगट हलकेच धरून बोट दातांवर नेलं. मला ती हातकडी वाटली.

पुढं तो वण ते पाहुण्यांना दाखवायचे, "पोराचे दात पाहा!" मी लाजून पळायचो.

आज सकाळपासून मी बोट वर करून अख्ख्या आर्णी गावात फिरतोय. पट्टी बांधू दिलेली नाही.