कवी-सानचं पाणी

कुणी निरोप घेऊन वळलं, की आमचे कवी-सान त्याच्या पाठीमागे भस्सकन पाणी ओतायचे. तेही तोक्योत, तोयोसुच्या चकाचक ऑफिसबाहेर! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, कोडिंग करून करून माणूस बिथरला. वॉचमन फडकं घेऊन धावत आला, तर हे वाकून त्यालाच समजावतात, "आमच्या अझरबैजानात असंच करतात. जाणारा सुखरूप परत येतो."

"आमच्याकडे हातावर दही ठेवतात," मी म्हटलं.

"मग जमेल आपलं!" ते खूश.

त्यांचं नाव घेताना आमची जीभ अडखळायची, म्हणून टीमभर ते कवी-सानच झाले; सान म्हणजे जपानीतलं 'राव'. लंचला ओनिगिरीचा भातगोळा हातात धरून कालव्याकाठी स्वतःच्या कविता म्हणायचे. अर्थ कळत नसला तरी अंगावर काटा यायचा! मध्येच 'हवा', 'बाग', 'दुनिया' असे ओळखीचे शब्द आले, की मी ओरडायचे, "हा आमचा!" ते म्हणायचे, "घेऊन जा!" मग इंग्रजीत अर्थ सांगायचे. प्रत्येक कवितेत लढाईत सुटलेलं तेच गाव, तेच घर, दारातलं तेच डाळिंब.

"अहो, दुसरं काही सुचत नाही का तुम्हाला?" मी एकदा चिडवलं.

"दुसरं घर असतं तर सुचलं असतं."

 त्या दिवशी त्यांनी एक नवी कविता हळू आवाजात म्हटली. 'एका ट्रकमधून आम्ही सगळेच निघालो, पाणी ओतायला दारात उरलं कोण? मग परत यायचं तरी कसं?' फुटपाथवरचं पाणी मला तेव्हा कुठे कळलं.

लेकीला घेऊन मी पुण्याला परत निघाले तेव्हा उरायासुच्या विमानतळ-बसच्या स्टॉपवर त्यांनी आमच्यामागे अख्खी बाटली रिकामी केली. लेकीचे बूट भिजले, ती जपानीत करवादली. मला मात्र फार बरं वाटलं.

मध्ये बरीच वर्षं गेली. आणि परवा अचानक त्यांचा व्हिडिओ कॉल!

"गावाहून बोलतोय! गाव परत मिळालं, घर पुन्हा बांधलं! बहीण राहायला आली! डाळिंब गेलं, पण नवं लावलंय!"

सुटी संपवून ते तोक्योला निघाले होते. टॅक्सी सुरू झाली. फोन त्यांनी मागच्या काचेला लावला. दारात पांढऱ्या केसांची बाई उभी, हातात बादली.

"बघा, बघा!" केस पिकलेला तो माणूस पोरासारखा ओरडत होता.

बहिणीने अख्खी बादली रस्त्यावर ओतली. इकडे स्वयंपाकघरात मी रडत रडत टाळ्या पिटत होते.

"ओतलं!" कवी-सान म्हणाले. "आता मी येणार!"