लाल बासनाचं उद्यापन

तुम्ही घ्या चहा, निवायच्या आत. मला नको. का नको, ते विचारलंच आहे तर सांगते. पण कप आधी खाली ठेवा. मागं एकीला हसता हसता ठसका लागला होता.

आमचे हे तेव्हा भोरला, संस्थानच्या ग्रंथालयात कारकून होते. नोकरी हंगामी. कायम कधी करणार म्हणून विचारलं, की "पुढं बघू!" घरात सासूबाई, लग्नाच्या दोन नणंदा, आणि हंगामी नोकरी! स्थळं यायची, 'मुलीचा भाऊ कायम आहे का?' एवढं विचारायची आणि जायची.

मी देवाला साकडं घातलं. व्रतं माझी बारमाही चाललेलीच असत. कधी वांगं सोड, कधी मीठ सोड. पण नुसत्या वांग्यावर नोकरी कायम होते का हो? जीव गुंतलेली वस्तू सोडावी लागते. आणि माझा जीव नुकताच गुंतला होता चहात! डोळे मिटले आणि म्हटलं, "महादेवा, यांची नोकरी कायम कर. आजपासून चहा बंद. उद्यापनाला पोथी दान करीन आणि मगच घोट घेईन."

आणि पावला की हो महादेव! ग्रंथालयाचा मोठा उत्सव ठरला. ग्रंथालयाचा इतिहास सांगायचा, भोरपासून वेल्ह्यापर्यंतच्या लिहित्या माणसांचा सत्कार करायचा, त्यांची पुस्तकं चौरंगावर मांडायची, आणि त्याच समारंभात दरबारचे मोठे साहेब यांच्या नेमणुकीचा हुकूम वाचणार! आतली बातमी, पण पक्की.

मी म्हटलं, "अहो, पुण्याला जाताय तर पोथी आणा. देवाला थांबवून ठेवू नये."

"आणतो," हे म्हणाले.

बायांनो, आमच्या यांच्या 'आणतो'वर मी विश्वास ठेवला. पुढचं सगळं तिथूनच सुरू झालं.

उत्सवाच्या आदल्या दिवशी हे दुपारी घरी आले. ग्रंथालयात चुनाकाम चाललेलं, त्यामुळे मिशीसकट पांढरे. हातात लाल खारव्याच्या जाड कापडात बांधलेलं बासन. "हे देवापाशी ठेव. उघडू नकोस. फार मोलाचं आहे." एवढं बोलून आल्या पावली परत गेले.

मी बासन कपाळाला लावलं. हिंगाचा वास आला. मला वाटलं, वा, किती सात्त्विक पोथी! उघडायचा प्रश्नच नव्हता. दानाची वस्तू आपण आधी हाताळायची नसते. हळदकुंकू वाहिलं, दूधसाखरेचा नैवेद्य दाखवला. उत्रोलीचे नारायणगुरुजी योगायोगानं गावात आलेले. त्यांना बोलावलं, बासनावर तुळशीपत्र ठेवलं, पळीभर पाणी सोडलं आणि म्हटलं, "न मम!"

गुरुजी पोथी घेऊन उत्रोलीला गेले. चहा मात्र मी हुकूम वाचला जाईपर्यंत राखून ठेवला. आनंद एकदमच करायचा होता ना!

दुसऱ्या दिवशी सकाळी हे कोट चढवत म्हणाले, "ते बासन दे बघू."

"कुठलं?"

"अगं, कालचं. सखारामबापूंचं."

"कोण सखारामबापू?"

"वेल्ह्याकडचे! आज त्यांचाच पहिला सत्कार आहे. गुरांच्या दुखण्यांवर त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलेलं बाड. जगात एकच प्रत आहे! चुन्याचे शिंतोडे उडू नयेत म्हणून घरी आणलं."

"आणि माझी पोथी?"

"कुठली पोथी?"

ऐकलंत? कुठली पोथी म्हणे!

"अहो, मी ते दान केलं!"

यांनी एक हात कोटात घातलेला, दुसरा तसाच बाहेर. मग हळूच म्हणाले, "संस्थानची वस्तू… दान?" आणि मटकन पाटावर बसले. "आता कसली नोकरी कायम! आता घरच कायम."

ज्या नोकरीसाठी नवस केला, त्या नोकरीवरच मी पळीभर पाणी सोडलं होतं! "तुम्ही पुढं व्हा, मी घेऊन येते," म्हटलं आणि पदर खोचून उत्रोलीची वाट धरली. वाटेत जेवढे देव माहीत होते तेवढ्यांना हाका मारल्या.

गुरुजी देवळात होते. आणि देवळात जाऊन बघते तो काय! सगळं गाव गोळा झालेलं. गुरुजी पाटावर, पुढं निरांजन, आणि ठणठणीत आवाजात चाललंय, "म्हशीचं पोट फुगल्यास ओवा आणि काळं मीठ…" माणसं हात जोडून ऐकताहेत! सत्यनारायणाला सुद्धा मी लोकांचं असं चित्त लागलेलं पाहिलं नाही.

"गुरुजी!" मी ओरडलेच. "ते परत द्या!"

पुढं बसलेले एक आजोबा वळले. "थांबा वो वैनी! आमच्या म्हशीचं आत्ता कुठं आलंय."

"आन् बैलाच्या खांद्याचं ऱ्हायलंय की!" मागून कुणीतरी.

"गुरुजी, तुमी वाचा! दर साली त्येच त्येच पुराण सांगता. औंदा पयल्यांदाच कामाचं कायतरी आणलंया!"

गुरुजींचं तोंड कडू झालं, पण आवाज चढलाच. मी रडत रडत सगळी हकीकत सांगितली. ते गंभीर झाले.

"वहिनी, तुम्ही संकल्प करून दिलंत. दिलेलं दान परत घेणं म्हणजे केवढं पाप, माहीत आहे?"

माहीत नसायला काय झालं? कहाण्या ऐकूनच केस पांढरे झालेत माझे! इकडे यांची नोकरी, तिकडे सात जन्मांचं पाप. मी देवळाच्या पायरीवरच बसले.

म्हशीवाल्या आजोबांना दया आली असावी. "वैनी, तुमी मागं घिऊ नगा. गुरुजीच दान देतील गरंथालयाला. मंग कुणाला पाप? पर आमी बी येनार. ऱ्हायल्यालं तितं ऐकू."

आणि निघालं सगळं उत्रोली! पुढं डोक्यावर बासन घेतलेले गुरुजी, मागं मी, माझ्यामागं गाव. एकानं दुखऱ्या खांद्याचा बैलही आणला.

ग्रंथालयात पुढच्या चार खुर्च्यांवर मोठे साहेब आणि दरबारची माणसं, बाकी सगळं रिकामं. हे घामाघूम होऊन इतिहास सांगत होते, "हे ग्रंथालय प्रथम एका कपाटात सुरू झालं…" चेहऱ्यावरून कळत होतं, की कपाटाची ही तिसरी खेप. रिकाम्या चौरंगाशेजारी घोंगडीवर एक वाळकेसे म्हातारे. तेच सखारामबापू. "माजं बाड कुठं हाय?" ते मधूनमधून विचारत होते.

एवढ्यात आमची मिरवणूक आत शिरली. बैल तेवढा दारात.

मला वाटलं, गुरुजी गुपचूप बासन चौरंगावर ठेवतील. पण विधी म्हणजे विधी! त्यांनी साहेबांच्या हातात तुळशीपत्र दिलं आणि खड्या आवाजात, यांचं नाव, गोत्र घेऊन म्हटलं, "यांच्या पत्नीने मजला विधिपूर्वक दान केलेला हा ग्रंथ मी या ग्रंथालयास दान करीत आहे!"

साहेबांनी बासन उलटंपालटं केलं. लाल कापडावर ग्रंथालयाचा शिक्का, त्यावर माझं हळदकुंकू.

"आमचंच पुस्तक," साहेब म्हणाले, "आम्हालाच दान?"

भुई दुभंगत नाही, हो! मी वाट बघितली.

तेवढ्यात म्हशीवाले आजोबा सखारामबापूंच्या पायाशी बसले. "बापू, तुमीच का लिवलंय? आमच्या ह्या गड्याच्या बैलाचा खांदा सुजलाय, काय करावं?"

बापू बाड उघडून सांगायला लागले. भोवती ही गर्दी! साहेब बघतच राहिले. बापूंनी मान वर केली. डोळे भरलेले. "सायेब, इतकी वर्सं कपाटात हुतं, पर कुनी इचारलं न्हाई. ह्या माऊलीनं भाईर काढलं!"

साहेब हसले आणि त्यांनी हुकूम वाचला. कायम! पण खाली स्वतःच्या हातानं एक ओळ वाढवली, 'ग्रंथालयात आलेली वस्तू यापुढे कारकुनाच्या घरी जाता कामा नये.'

घरी येऊन मी चहाचं आधण ठेवलं. गुरुजी दारातूनच म्हणाले, "वहिनी, नवस पोथीचा होता. गुरांच्या बाडानं फिटत नाही." आधण उतरवलं.

महिनाभरानं सकाळी देवघरात बघते, तर पुन्हा लाल बासन! हे कामावर गेलेले. पुन्हा घरी आणलं? हुकूम मोडून? या वेळी मात्र मी शहाणी झालेली. उघडूनही न बघता पदरात झाकून तडक ग्रंथालयात गेले आणि तपासणीला आलेल्या मोठ्या साहेबांच्याच पुढ्यात ठेवलं. "घ्या, विसरून घरी राहिलं होतं!" साहेबांनी लगेच शिक्का मारला.

हे कोपऱ्यातून धावत आले. तोंड असं, की मला पुन्हा तो अर्धा कोट आठवला.

"अगं… ती तुझी पोथी! पुण्याहून आणली होती मुद्दाम!"

साहेबांनी भिंतीवर लावलेल्या हुकुमातल्या शेवटच्या ओळीकडे बोट दाखवलं.

ती पोथी अजून तिथंच आहे. दुसरी आणा म्हटलं, की हे म्हणतात, "आणतो."

म्हणून म्हणते, तुम्ही घ्या चहा. मी आपली नुसता वास घेते.