वच्छलाकाकूचं निंदण

वच्छलाकाकू निंदायला बसली की तणाशी भांडायची. "काहून रे, कालच त उपटलं होतं तुले! लाज नाही वाटत?" वलगावजवळच्या तिच्या वावराशेजारून जाताना पहिल्यांदा हे ऐकलं, तेव्हा मला वाटलं आत बरीच माणसं आहेत. वाकून पाहिलं तर ती एकटीच.

मला चारचौघांत बोलता येत नाही. तिच्याकडे निंदायला जाऊ लागले, तेव्हा ती म्हणाली, "तू बोलू नको, बाई. मले ऐकनारंच कोनी पायजे होतं."

तिच्या वावरात तणनाशकाचा फवारा चालत नसे. उपटलेलं तण ती ओळींच्या मधे मुळं वर करून पसरायची. उन्हात वाळून तेच मातीचं पांघरूण व्हायचं. फक्त तणातला केना तिथे टाकू द्यायची नाही. ओल्या मातीला टेकला की तो पेरापेराला मूळ धरतो. मी एकदा विसरून मूठभर टाकला, तर थोड्याच दिवसांत तो तिथेच हिरवागार पसरला. "घरजावई करून ठेवला का त्याले?" म्हणून ती पोट धरून हसली.

गेला पावसाळा तिचा शेवटचा. झड लागली, चिखलात पाय ठेवता येईना, सोयाबीन तणात बुडालं. निंदायला बायाही मिळेनात. तिचा एकुलता मुलगा प्रकाश अकोल्याहून फवाऱ्याचा पंप घेऊन आला.

"माय, एक डाव मारू दे."

"माह्या वावरात नाही."

"मंग हे तणच सांभाळ. मले आता बोलावू नको."

तो गेला. त्यानंतर त्याचा फोन नाही.

उघडीप मिळाल्यावर आम्ही दोघीच निंदत राहिलो. काकू आता तणाशीही बोलत नसे. रस्त्यावर गाडी वाजली की तिचं खुरपं थांबायचं, गाडी पुढे गेली की पुन्हा चालायचं.

पोळ्याच्या सुमारास वावर साफ झालं. धुऱ्यावर, वावराच्या बांधाला बसून तिनं मला प्रकाशला फोन लावायला सांगितला. "पायू दे त्याले, फवाऱ्याबिगर झालं का नाही ते."

फोन लागला. काकूनं तो कानाला धरला आणि विचारलं, "जेवला काय रे?"

पलीकडून काहीतरी तुटक आलं आणि फोन बंद झाला.

"जेवला म्हनते," ती मला म्हणाली.

मग ती उठून परत वावरात गेली. उपटायला काही उरलं नव्हतं. तरी वाकून, एकेक ओळ हातानं बाजूला सारत, ती बराच वेळ तण शोधत राहिली.