आबांची जीभ

आगरातले आबा पाण्याचा घोट तोंडात घेऊन ते कुठल्या विहिरीचं आहे ते सांगायचे. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त मला खरं वाटत नव्हतं. पुण्याला जाऊन बिअर बनवायचं शिक्षण घेतलेला शहाणा मी! आबांना जाऊन आता वर्ष होईल, आणि त्या शहाणपणाची अजून लाज वाटते.

आबांनी उभी हयात मिठागरात घालवली. खाडीचं पाणी एका कप्प्यातून पुढच्या कप्प्यात कधी सोडायचं, हे ते बोट बुडवून आणि चाखून ठरवत. मिठागरं बंद पडली, पण जीभ शाबूत राहिली.

रेवदंड्याच्या रस्त्याला मी पब काढला, तिथेच पाठीमागे बिअर बनवायला लागलो, आणि चौथ्या महिन्यात तिला घशाशी एक विचित्र चव यायला लागली. माल्ट बदललं, यीस्ट बदललं, नळ्या तीनतीनदा धुतल्या. गिऱ्हाईक अर्धा ग्लास टाकून उठायचं. गाशा गुंडाळायची वेळ आली होती. अशात एका सकाळी आबा डोकावले. गळ्यात तुळशीची माळ, काखेत छत्री. स्टीलच्या टाक्या डोळे भरून पाहिल्या आणि प्यायला पाणी मागितलं. एक घोट घेतला, गुळणी केली आणि म्हणाले, "भरतीचा पानी शिरलाय तुजे बोरिंगमदी."

मी हसलो. आठ दिवसांनी तपासणीचा कागद आला, त्यात तेच लिहिलं होतं. मी तो कागद घेऊन आबांच्या घरी गेलो आणि सरळ पाया पडलो. तेव्हापासून आतल्या गावातल्या गोड्या विहिरीचा टँकर मागवायला लागलो.

मंगळवारी आमच्याकडे नवी बिअर लावतात. दर मंगळवारी आबा हजर. माळकरी माणूस पबमध्ये कसा, म्हणून गावाने दात काढले. आबांचा हिशेब सरळ होता. "विरजन परला का ती दारू. तवर तं गोर पानीच हाय." उकळून थंड केलेलं माल्टचं गोड पाणी वाटीत घ्यायचे, जिभेवर घोळवायचे, थुंकायचे आणि निकाल द्यायचे. "गोर हाय, पन पोकल हाय," म्हणाले की मी निमूट माल्ट वाढवायचो. विरजणाचा, म्हणजे यीस्टचा, डबा उघडला की ते पाठ फिरवून चपला घालत. जी बिअर प्यायला लोक मुंबईहून यायचे, तिचा एक थेंब ज्याने ती घडवली त्याने कधी चाखला नाही.

जायच्या आधीच्या पावसाळ्यात आबांना मोठा ताप आला. उठले ते एक नवी सवय घेऊन. वाटी माझ्यापुढे सरकवायचे आणि म्हणायचे, "पैला तू चाख." मी चाखायचो, मग ते चाखायचे, मग मान हलवायचे किंवा नापसंत करायचे. आबांनी आपल्याला मान दिला म्हणून मी छाती फुगवून फिरत होतो.

दिवाळीच्या तीन आठवडे आधीचा मंगळवार. सुट्टीच्या आठवड्याची सगळी बिअर त्या एका टाकीत होती. मी फोनवर अडकलो होतो, म्हणून आबांनी वाटी आधी घेतली. मी परत आलो तर म्हणाले, "बेस हाय. टाक विरजन." मी सवयीने घोट घेतला आणि घशाशी तीच जुनी चव आली. टँकरवाल्याने खाडीकडच्या विहिरीचं पाणी भरून आणलं होतं.

मी म्हटलं, आबा, परत चाखा बरं. त्यांनी चाखलं, आणि माझ्याकडे बघत राहिले. मग वाटी खाली ठेवली.

"मना कायच लागत न्हाय रं," आबा म्हणाले. "त्या तापापासना. मीठ न्हाय, गूल न्हाय."

मी विचारलं, मग इतके दिवस?

"तुजा तोंड बगायचू. तू बरा म्हनलास का मी बरा. मंगलवार आला का पाय घरान ऱ्हात न्हाईत."

तीन महिने प्रत्येक टाकीचा निकाल मीच देत होतो, आणि मला पत्ता नव्हता. त्या दिवशी मात्र पत्ता होता. मागे आबा नव्हते, कागद नव्हता, दिवाळी तोंडावर होती. मी खालचा नळ उघडला. टाकी रिकामी होईपर्यंत आबा गटाराशी उभे होते.

पुढच्या मंगळवारी ते आले नाहीत. मी घरी बोलवायला गेलो. पडवीत बसले होते, तब्येत चांगली होती. म्हटलं, चाखू नका, नुसते येऊन बसा, चहा घ्या. तुमच्याशिवाय हात चालत नाही माझा.

"नको," ते म्हणाले. "मी आयलू का तू माजे तोंडाकरं बगशील."

मी उभ्या उभ्या रडलो. मग पबमध्ये परत आलो, कारण टाकी थंड झाली होती आणि चाखायचं बाकी होतं.