गाईचं तोंड

चिकलठाण्यामागच्या माळावर झुडपं माजू नयेत म्हणून गावाची मोजकी गुरं चारली जातात. दर रविवारी आम्ही दोघं हौसेनं त्यांची पाहणी करतो. मी गुरं मोजतो. माझा जोडीदार, जन्मभर मेंढरं राखलेला म्हातारा, फक्त रवंथ बघतो. "मोजून काय कळतंय? तोंड हलतंय का बघा."

दुष्काळात एकदा तांबड्या गाईचं तोंड हलेना. त्यानं जबड्यात हात घालून अर्धी गिळलेली प्लास्टिकची पिशवी ओढून काढली. सकाळी मीच तिच्यापुढं शिळ्या पोळ्या पिशवीसकट ठेवल्या होत्या. पिशवी बघताच त्यानं ते ओळखलं.

पुढच्या रविवारी मी रिकाम्या हातानं गेलो. त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढून मला दिला.

"आता ह्यात बांधून आणत जा. गाय वाट बघायलीय."