ओवाळणीत बंद केलेली गोळी

भाऊबीजेला अक्का मंगळवेढ्याहून एसटीनं यायची ती दोन पिशव्या घेऊन. एकीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी, दुसरीत वर्षभरात कुणी लिहून दिलेली, कुणी गळ्यात मारलेली, शेजारणीनं सुचवलेली औषधं. ओवाळून झालं की ती दुसरी पिशवी कॉटवर उपडी करायची.

"साडी नगं मला. ह्यातलं कुटलं खाऊ आन् कुटलं टाकू तेवढं सांग. तीच माजी ओवाळणी."

मी सोलापुरात फार्मसीच्या कॉलेजात शिकवतो. औषधांच्या चाचण्या कशा वाचायच्या, पुरावा कसा तोलायचा, हा माझा विषय. जीभ मुळातच तिखट, त्यात जाहिरातीला भुललेला माणूस समोर आला की मला चेव चढतो. अक्का माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, मला तिनंच वाढवलं. स्वतः चौथीपर्यंत शिकलेली, पण माझी प्रत्येक गुणपत्रिका ओळीवर बोट ठेवून वाचायची. तिच्यापुढं मास्तरकी करायला मला फार आवडायचं, हे आता कबूल करतो.

त्या वर्षी पिशवीत गुडघ्यांची पावडर निघाली. मी म्हटलं, "अक्का, निम्म्या लोकांना ही दिली, निम्म्यांना अशीच दिसणारी पण औषध नसलेली. कुणाला कुठली ते सांगितलं नाही. दोन्हीकडचे गुडघे जवळपास सारखेच दुखत राहिले."

"मंजी दुखनं खरं आन् पावडर खोटी," असं म्हणून ती हसली.

नवी पेठेतून घेतलेला ताकदीचा महागडा डबा बाद झाला. तो बाद करताना मी दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. लोहाच्या गोळ्या तेवढ्या राहू दिल्या, कारण रक्त कमी असल्याचा रिपोर्टच सोबत होता. शेवटी एक छोटी पांढरी गोळी उरली. ॲस्पिरिन.

"ही खाल्ली की पोटात आग पडती," अक्का म्हणाली. "रक्त पातळ ऱ्हातंय म्हनून देत्यात."

मी खूश झालो. नेमका हाच धडा त्या आठवड्यात वर्गात घेतला होता. ज्यांना हृदयाचं काही दुखणंच नाही, त्यांनी ही गोळी रोज घेतली तर फायदा थोडा, आणि अंगात कुठंतरी रक्तस्राव व्हायचा धोका जवळपास तेवढाच. हे सगळं तिला रंगवून सांगितलं आणि गोळ्यांची पट्टी कचऱ्याच्या डब्यात टाकली. ती जरा वेळ डब्याकडं बघत राहिली.

"तू म्हनतूस तर बंद," ती म्हणाली.

पोरांना मी पहिला प्रश्न शिकवतो तो असा, की चाचणी कोणावर झाली आणि आपल्या समोरचा माणूस त्यांच्यातला आहे का. अक्काला तो मी विचारला नाही. तिच्याबद्दल मला ठाऊक नसलेलं काही असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

माघात ज्वारीची काढणी चालू असताना ती बांधावर पाणी प्यायला बसली आणि तिथंच गेली. दाजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, फोनवर "या" एवढंच सांगितलं.

दहाव्यानंतर मृत्यूच्या दाखल्यासाठी मी तिचं आधारकार्ड शोधत होतो. ट्रंकेत साड्यांखाली मिरजेच्या दवाखान्याची फाईल निघाली, अडीच वर्षांपूर्वीची. हृदयविकाराचा झटका, पाच दिवस ॲडमिट. औषधांच्या यादीत ॲस्पिरिन होती आणि तिच्यापुढं लिहिलं होतं, बंद करू नये. एकदा झटका येऊन गेलेल्यांना ही गोळी उपयोगी पडते, याचा पुरावा भक्कम आहे. तोही मी दरवर्षी शिकवतो.

दाजी दारात उभे होते. फाईल माझ्या हातात बघून ते खाली बसले.

"तवा तुमचं पोर सातव्या म्हैन्यात झालेलं. तुमी दवाखान्यात अडकलेला. भावाच्या डोक्याला आनखी ताप नगं म्हनली. वाडीला देवाला गेलतो असं सांगितलं."

मला आठवलं. त्या वाडीचे पेढे मी खाल्ले होते. दाजींनी ते मिरजेच्या स्टँडवर घेतले होते.

"भाऊबीजेला जाताना पोटात आग पाडनारी तेवढी घिऊन गेली, छातीच्या बाकीच्या गोळ्या तिनं घरीच ठिवल्या. त्या बघितल्या की तुमाला कळलं असतं."

मला अक्काचा भयंकर राग आला. गेलेल्या माणसाचा एवढा राग येतो हे मला माहीत नव्हतं. मग रडू आलं आणि ते आवरेना. दाजी माझ्याकडं बघायचं टाळत होते.

माझं रडणं ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "ती गोळी चालू असती तर वाचली असती का?"

एका माणसावरून काही सिद्ध होत नाही. गोळी घेऊनही झटका येतो, न घेताही कित्येक जण जगतात. हे खरं आहे, आणि त्या खऱ्याचा मला काडीचा उपयोग नाही.

"सांगता येत नाही, दाजी," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. "गोळी बंद केली तवा मी म्हनलो हुतो, भावाला खरं काय ते सांग आन् परत इचार. तर माज्यावरच चिडली. म्हनली, त्यो मला चुकीचं सांगंल व्हय? दोन दिवस बोलली न्हाय माज्याशी."