दाराशी सरकलेली खुर्ची

आत्याच्या घोट्यावरची जखम वर्ष झालं तरी भरत नाही. पायातल्या शिरांचं दुखणं जुनं आहे. पण जखमेपेक्षा वाईट होता तिचा वास. भेटायला आलेलं माणूस तोंडाने काही बोलायचं नाही. पाहुण्यांची खुर्ची मात्र पलंगापासून सरकत सरकत दाराशी गेली होती. पुढे पुढे आत्याच आधी म्हणायला लागली, "लांबच बसा हं."

गेल्या आठवड्यात जखमेची पट्टी बदलायला घरी येणाऱ्या सिस्टरने कोळशाचा थर असलेली नवी पट्टी बांधली. "भरायला वेळ लागेल, पण वास आधी जाईल," म्हणाली. एवढंच? मला वाटलं. औषधाने बरं करावं, एवढीच आपली अपेक्षा. बरं होईपर्यंतच्या दिवसांचं काय, हे आपल्या मनातही येत नाही.

काल दुपारी गेले, तर शेजारच्या कुसुमकाकू पलंगावरच बसून आत्याची वेणी घालत होत्या. जखम अजून तेवढीच आहे, असं सिस्टर सकाळीच सांगून गेली होती. मी सवयीने दाराशी, खुर्चीवर टेकले.

"तिकडे काय बसलीस?" आत्या म्हणाली. "इकडे ये की."